मधला चौकोन

ठकूने कॅमेरा घरी आणला तो उघड्या तोंडाचा. पेटीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि आई हातातलं फडकं तसंच धरून वाकून बघायला लागली.

"अगं, याला पुढे काहीच नाही! बिनदाताच्या म्हाताऱ्यासारखा आ वासून बसलाय."

"भिंग वेगळं घ्यावं लागतं, आई."

"मग घेतलं का नाहीस?"

"कॅमेरा घेता घेताच दम निघाला."

खरंच होतं ते. डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा, तोही कुणीतरी वापरून सोडून दिलेला. त्याच कंपनीची भिंगं म्हणजे दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून बघायची, एक सुस्कारा टाकायचा आणि पुढे चालू लागायचं. ठकूचं पोट विकायला काढलेल्या घरांचे नि शाळांच्या वार्षिक पुस्तकांचे फोटो काढण्यावर चालायचं, त्यात असले लाड बसत नव्हते. पण तिने हा कॅमेरा घेतला तो एवढ्याचसाठी, की याच्यावर बाबांचं जुनं भिंग बसत होतं. मधे एक पातळशी कडी घालायची, त्या कडीत भिंग पिळून बसवायचं, की झालं लग्न.

बाबांचं भिंग मुठीत मावेल एवढं. अंगावरचा काळा रंग बोटं लागून लागून उडालेला आणि कडांना आतलं पितळ उघडं पडलेलं, जुन्या दाराच्या कडीसारखं. बाबांचा फोटो स्टुडिओ होता एका पावाच्या भट्टीच्या वर. लोक तिथे नटूनथटून यायचे आणि पावाच्या वासाने त्यांना भूक लागायची. बाबा म्हणायचे, माझ्या फोटोतली माणसं तृप्त दिसत नाहीत, भुकेली दिसतात, आणि भुकेलं माणूसच जरा जिवंत दिसतं. ते सगळे चेहरे या एका भिंगातून गेले होते.

त्याच्या जोडीचा कॅमेरा मात्र गेला. आतला शटरचा कापडी पडदा विरून त्याला भोकं पडली होती, आणि तसा पडदा शिवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

यात एरवी कुणाचं काही अडलं नसतं. अडलं ते हजेरीमुळे.

हजेरी म्हणजे आईचा फोटो. दर वर्षी थंडी सरता सरता सकाळचं ऊन समोरच्या खिडकीतून अगदी आडवं आत यायचं, भिंतीला टेकायचं, आणि थोडेच दिवस राहून खाली सरकून निघून जायचं. त्या दिवसांत बाबा आईला वेताच्या खुर्चीत बसवायचे आणि तिचा फोटो काढायचे. नट्टापट्टा नाही, "जरा हस" नाही. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात हे फोटो ओळीने लावलेले होते. पहिल्यात आई जाड वेणी पुढे घेऊन अशी रागाने बघत होती, की पाहुणे विचारायचे, जबरदस्तीने आणली होती का हिला? मग पुढे पोट आलेली आई, मग मांडीवर ठकू घेऊन झोपेने डोळे मिटणारी आई, चष्म्याची आई, पिकलेल्या केसांची आई. बोळातून चालत गेलं की एक आयुष्य चालून व्हायचं, आणि शेवटी स्वयंपाकघरात खरी आई भेटायची.

या वर्षी ऊन खिडकीत आलं होतं. बाबा म्हणत होते, "कॅमेराच नाही, काय करणार."

"मी काढते की," ठकूने म्हणून बघितलं होतं.

आईने मान हलवली. "तू काढलास तर तो तुझा फोटो. छान असेल, मी फ्रेम करून घेईन. पण हजेरी घेणारा माणूस बदलत नसतो."

म्हणून ठकूने हा कॅमेरा शोधून काढला होता.

दोनेक दिवसांनी बाबांनी आपलं भिंग त्याच्यावर बसलेलं बघितलं, तेव्हा लेकीला सासरी बसलेलं बघावं तसे ते जरा अवघडून उभे राहिले. मग शेजारी ठेवलेलं दुसरं भिंग त्यांनी उचललं.

"हे कुणाचं?"

"दुसऱ्याच एका कंपनीचं आहे, स्वस्तातलं. नाव मला नीट म्हणता येत नाही. घरांच्या फोटोंना बरं पडतं, खोली मोठी दिसते. फक्त कोपरे जरा जांभळे येतात."

"आणि कॅमेऱ्याला चालतं?"

"कॅमेरा विचारतो, कोणतं भिंग लावलंय? त्याच्या यादीत तर हे नाहीच. मग मी त्यातलंच जवळचं एक नाव सांगते. तो ते खरं मानतो आणि कोपरे जरा सुधारून देतो."

"म्हणजे खोटं नाव सांगून पाहुण्याला आत घेतेस."

"आणि तुमच्या भिंगाचंसुद्धा खोटंच सांगितलंय. त्यालाही तो ओळखत नाही."

"त्याला कशाला ओळखेल. आमच्या वेळी ओळख दाखवायला लागत नव्हती." बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

रेंजफाइंडरमध्ये भिंगातून बघायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. त्या खिडकीच्या बरोबर मधोमध एक उजळ चौकोन असतो, आणि त्या चौकोनात सगळं दोन-दोनदा दिसतं. एका माणसाची दोन नाकं, एका दिव्याचे दोन दिवे. भिंगाची कडी फिरवत जायची. दोन नाकं एकमेकांकडे सरकत येतात, आणि एकावर एक बसली, दोनाचं एक झालं, की फोकस लागला. ठकू लहान असताना बाबांच्या मांडीवर बसून हा खेळ तासन् तास खेळायची. दोन आया करायच्या, मग एक करायची.

बाबा बराच वेळ कडी फिरवत राहिले. पुढे, मागे, परत पुढे.

"मधला चौकोन मंद आहे," ते शेवटी म्हणाले आणि कॅमेरा खाली ठेवला. "धूर बसलाय त्याच्यात. तरीच त्या माणसाने विकला."

ठकूने लावून बघितला. तिला चौकोन चांगला स्वच्छ दिसत होता. पण बाबांना मंद दिसतोय म्हणजे मंदच असणार. रस्त्याच्या पलीकडून समोरच्या घरातली तसबीर तिरकी टांगली आहे हे ज्याला कळायचं, तो हा डोळा. घरातलं घड्याळ आणि बाबा यांच्यात मतभेद झाले तर या घरातली माणसं उठून घड्याळ दुरुस्त करत असत.

आणि पुरावाही लगेच हातात आला. ठकूने बाबांचं भिंग लावून लसूण सोलत बसलेल्या आईचे फोटो काढले. नेम आईच्या डोळ्यांवर धरला होता, दोनाचं एक झालेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. फोटोत डोळे विरघळल्यासारखे झाले होते आणि लसणाची पाकळी मात्र लख्ख. दुसऱ्यात पुन्हा बोटं लख्ख. तिसऱ्यात तिच्या गाऊनचं बटण. आतापर्यंत घरांच्या फोटोंत हे लक्षात आलं नव्हतं. तिथे भिंगाचं भोक, म्हणजे ॲपर्चर, बारीक ठेवलं की सगळंच दिसतं आणि चूक पोटात घातली जाते.

"बाबा, तुमचं बरोबर आहे. बिघडलेला आहे हा."

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "हं," ते म्हणाले. त्यात जिंकल्याचा आनंद काही नव्हता.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मावशींचं दुकान एका जिन्याखाली होतं. वरून कुणी उतरलं की त्यांच्या टेबलावरचे बारीक स्क्रू थरथरायचे, म्हणून त्या प्रत्येक पावलासरशी हाताने टेबलाला कुंपण घालायच्या. कपाळावर भिंगाचा चष्मा, आणि तोंड एकसारखं चालू.

"काय म्हणतोय तुझा लाडका?"

"डोळ्यांवर नेम धरला की बटणावर लागतो, मावशी."

"म्हणजे पुरुषच आहे म्हणायचा. बघू."

मावशींनी एक रेघांची पट्टी टेबलावर तिरकी ठेवली. तिच्या मधल्या रेघेवर नेम धरायचा आणि फोटोत कोणती रेघ स्पष्ट येते ते बघायचं. आधी त्यांनी न म्हणता येणाऱ्या नावाचं भिंग लावलं. मधली रेघ लख्ख. मग स्वतःच्या खणातलं एक जुनं, डाग पडलेलं भिंग लावलं. तरी मधलीच रेघ लख्ख. मग बाबांचं लावलं. मधली रेघ धूसर, आणि अलीकडची, कॅमेऱ्याच्या जवळची रेघ स्पष्ट.

"कॅमेऱ्याला उगाच बोल लावलास बिचाऱ्याला. हे भिंग केसभर पुढे आलेलं आहे." त्यांनी भिंगाच्या मागची कडी सैल केली, चिमटा आत घातला आणि एकदम गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं इतकं नवीन होतं की ठकू घाबरली.

"काय झालं?"

"बघ."

कडीखाली चांदीचा एक बारीक गोल होता. चॉकलेटच्या वेष्टणातली असते तसली चांदी. केसाएवढी रुंद, नीट गोल कापलेली.

"हे कारखान्याचं काम नव्हे," मावशी म्हणाल्या. "कडा बघ, नखाने घासून गुळगुळीत केल्यात. कुणीतरी हे भिंग दुसऱ्या एका कॅमेऱ्याशी जुळवून घेतलेलं आहे. तो कॅमेरा वाकडा होता, म्हणून भिंगालाही तेवढंच वाकडं केलं. दोघांचं मिळून सरळ यायचं. आता तू याला सरळ कॅमेऱ्यावर आणून बसवलंस, तर याचं वाकडेपण उघडं पडलं."

"मग काढा ना ती चांदी."

मावशींनी कडी परत बसवली. "नाही बाई. ज्याने घातली त्याला विचारून ये. असं काही आत सापडलं की मी हात लावत नाही. काढायला सोपं आहे, नखानेसुद्धा निघेल."

ठकू भिंग पिशवीत ठेवता ठेवता थांबली. "आणि मधला चौकोन?"

"त्याला काय झालंय?"

"मंद आहे ना तो. धूर बसल्यासारखा."

मावशींनी कपाळावरचा चष्मा काढला, कॅमेरा डोळ्याला लावला, रस्त्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. "कोण म्हणतं? आरशासारखा आहे. तुला मंद दिसतो?"

"मला नाही."

"मग कुणाला?"

जिन्यावरून कुणीतरी उतरलं. स्क्रू थरथरले आणि मावशींनी कुंपण घातलं नाही. मावशींनी एक मऊ फडकं घेऊन ती छोटी खिडकी पुसली, स्वच्छच होती ती, तरी पुसली, आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

घरी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा बाहेर फिरायला गेले होते. ठकू पलंगाच्या कडेला बसली, एक उशीचा अभ्रा उगाच मांडीवर घेतला.

"आई, चौकोन चांगला आहे. अगदी चांगला आहे."

आईने मान वर केली नाही. "असणारच."

"तुला माहीत होतं?"

"अगं, हा माणूस जन्मात कधी माझ्याकडे बघून 'छान दिसतेस' म्हणाला नाही. फोटो काढायचा, पण बोलायचा नाही. आणि हल्ली मी दारात पूर्ण दिसायच्या आत 'छान दिसतेस' म्हणतात. तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिघडलंय."

ठकूला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं.

"पेपर हातात धरतात," आई पुढे म्हणाली, "आणि मला विचारतात, काय म्हणतोय आजचा पेपर? शेजारचे आले की ते बोलेपर्यंत हे बोलत नाहीत. आवाज आला की मग, 'या या, तुमचीच आठवण काढत होतो!'"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी मला कुठे सांगितलंय?"

"डॉक्टरकडे तरी…"

"जाऊन आलेत. फिरायला जातो म्हणाले, आणि आले ते रुमालावर पिवळे डाग घेऊन. डोळ्यांत ते पिवळं औषध घालतात ना तपासताना, ते. मी रुमाल धुतला. विचारलं नाही." तिने घडीवर हात फिरवून ती चापट केली. "हे बघ ठकू, आपण होऊन विषय काढायचा नाही. ज्याचा डोळा त्याने बोलावं. पण विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. आपण खोटं बोलायला लागलो, तर मग त्यांनी कुणाच्या डोळ्यांनी बघायचं?"

बाबा आल्यावर ठकूने भिंग त्यांच्यापुढे ठेवलं. "बाबा, आत चांदी सापडली."

बाबांनी भिंग हातात घेतलं आणि आधी मोठ्याने हसले. "सापडली होय! मावशी बरी खमकी आहे. मी तर विसरलो होतो."

"का घातली होती?"

"तू झालीस ना, तो निरोप भट्टीवाल्याने खालूनच ओरडून दिला. मी जिन्यावरून असा धावलो, की कॅमेरा गळ्यातून निसटला आणि माझ्या आधी खाली पोचला. तोंडावर पडला. तोंड जरासं आत दबलं त्याचं. तेव्हापासून तुझ्या नाकाचा शेंडा धरायला जावं तर मागचा पाळणा स्पष्ट. कागद घालून बघितला, चिकटपट्टी घालून बघितली. जमेना. मग तुझ्या आईसाठी चॉकलेट आणलं होतं, अर्धं तिने खाल्लं, अर्धं मी खाल्लं, आणि चांदी भिंगाला दिली. बसली बरोबर."

"म्हणजे माझे लहानपणचे सगळे फोटो…"

"त्या चांदीच्या जिवावर."

ठकूने भिंगाकडे बघितलं. "काढली तर हे या कॅमेऱ्यावर नीट चालेल. पण जुन्यावर मग नाही चालायचं."

बाबांनी भिंग दोन्ही हातांनी फिरवलं. अंगठ्याने मागची कडी चाचपली. "जुन्याला आता कुठे जायचंय," ते म्हणाले. कडी त्यांनीच सैल केली, न बघता, छताकडे तोंड करून, आणि चांदीचा गोल नखाने अलगद उचलला. ठकूला वाटलं, आता ते तो पाकिटात जपून ठेवतील. त्यांनी दोन बोटांत चोळून त्याची बारीक गोळी केली, लहान पोरं करतात तशी, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती डब्याच्या बाहेर पडली.

"गेली आत?"

"नाही. बाहेर पडली."

"उचलून टाक. आणि अशी डोळे भरून बघू नकोस त्या गोळीकडे, खाऊन संपलेल्या चॉकलेटची चांदी आहे ती." मग जरा थांबून, भिंग पुसत पुसत त्यांनी विचारलं, "आणि चौकोन? बघितला मावशीने?"

"बघितला, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन भिंतीला टेकलं, पण कालच्यापेक्षा बोटभर खाली. अजून थोडं खाली गेलं की ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून उतरून जाणार होतं, आणि पुन्हा वर्षभर येणार नव्हतं. आई केस विंचरून येऊन बसली. वेताची खुर्ची करकरली.

"खुर्ची कुरकुरतेय का मी?" आई म्हणाली. मग हात मांडीवर ठेवून, गुणगुणल्यासारखं, तिथल्या तिथे जुळवून म्हणाली,

"भिंगा रे भिंगा, तुझं गोल गोल अंग,
माझ्या म्हाताऱ्याला दाव माझा खरा रंग."

"तोंड बंद," बाबा म्हणाले. "हललेला फोटो येईल."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. ठकू भिंतीशी उभी होती. बाबांचं बोट कडी फिरवत होतं. कडी बरोबर जागेवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा जागेवरून निसटून पलीकडे गेली. हे सगळं ठकूला दिसत होतं, अंधारात कुलूप शोधणाऱ्या किल्लीसारखं. तिच्या तोंडात आलं होतं, बाबा, जरा मागे. तिने ओठ मिटून घेतले. मग टिचकी वाजल्यासारखं शटर वाजलं.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर फोटो उमटला. हा कॅमेरा फोटो निघाल्यावरच दाखवायचा, आधी नाही. बाबांनी तो ठकूकडे दिला, जणू सहज. "कसा आलाय?"

ठकूने बघितलं. "छा…" एवढं तिच्या तोंडून गेलं.

"इकडे आण," आई म्हणाली. तिने चष्मा लावला, पडदा उन्हाच्या आडोशाला धरला, आणि नीट, सावकाश बघितलं. तिला घाई नव्हती.

"नाही आला," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या मागची भिंत झकास आलीय. पोपडेसुद्धा आलेत. मी नाही आले."

खोलीत रस्त्यावरचा आवाज ऐकू यायला लागला. एक सायकल गेली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

"चौकोन…" बाबांनी सुरुवात केली आणि ते थांबले. कॅमेरा आईकडून घेऊन त्यांनी हातात धरला, त्याच्याकडे बघितलं नाही. "ठकू, चौकोन ठीक आहे, नाही का?"

"ठीक आहे, बाबा."

"काय म्हणाली मावशी?"

"आरशासारखा आहे म्हणाली."

बाबांनी मान डोलावली, खूप दिवसांचा एखादा हिशोब कुणीतरी बरोबर सांगावा तशी.

"मधे खड्डा पडलाय," ते म्हणाले. "कडा सगळ्या आहेत. खुर्चीचे हात दिसतात, खिडकी दिसते, तुझे पाय दिसतात. नेमकं जिथे बघावं तिथे काही नसतं. धूर."

"म्हणजे मी धूर?" आई म्हणाली.

"तू नाही गं. मधे. डॉक्टर म्हणतात, मधलं जाणार, कडा राहणार. यावर औषध नाही, पण पूर्ण अंधार व्हायचा नाही."

"आणि हे मला कधी सांगणार होतात?"

"फोटो काढून झाला की."

"फोटोसाठी थांबला होतात?"

"आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे आता ते फोटोबिटो." बाबांनी कॅमेरा छातीशी धरला. "मला तुझ्या तोंडून 'राहू दे' ऐकायचं नव्हतं."

आई खुर्चीत तशीच बसून होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. "मी कधी म्हणते 'राहू दे'?"

"या घरात तू दुसरं काय म्हणतेस? भाजी संपली, राहू दे. नळ गळतोय, राहू दे."

"नळ अजून गळतोय, ते राहू द्या," आई म्हणाली, आणि तिचं हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळे हाताच्या मागच्या बाजूने पुसले. "ऊन चाललंय खाली. उभे राहा बघू."

"बाबा, फोकस मी लावून देते," ठकू म्हणाली. "तुम्ही फक्त बटण दाबा."

"म्हणजे मी काय दारावरची घंटा वाजवणारा?"

"मग कसं काढणार?"

त्यांचं बोट भिंगाखाली गेलं होतं. तिथे कडीला एक छोटी जीभ होती, बोट अडकवून फिरवायची. ती त्यांनी डावीकडून उजवीकडे फिरवली, उजवीकडून डावीकडे, पुन्हा पुन्हा, आणि त्यांचा चेहरा ऐकणाऱ्या माणसासारखा झाला.

"लहान पोरं यायची ना स्टुडिओत," ते म्हणाले, "ती कुठे चौकोनात थांबतात? तेव्हा मी चौकोन बघायचोच नाही. जीभ सरळ खाली आली, की मोठ्या माणसांचे दोन हात अंतर. तिथे ठेवायची, आणि पोर पुढे आलं की आपण मागे जायचं." बोट थांबलं. जीभ सरळ खाली आली होती. "अगं, हात पुढे कर."

"कशाला?"

"कर तर."

आईने हात लांब केला. बाबांनी आपला मोकळा हात लांब केला आणि ते हळूहळू मागे सरकत गेले, बोटांना बोटं लागेपर्यंत, आणि मग नुसती टोकं टेकेपर्यंत.

"काय, नाचायचंय का या वयात?" आई म्हणाली.

"हलू नकोस. हा झाला तुझा हात, हा माझा. खुर्चीची पाठ सोडू नकोस आता."

त्यांनी हात मागे घेतला, पण पाय जागचे हलवले नाहीत. आईने हात मांडीवर ठेवला. ऊन तिच्या कपाळावरून खाली आलं होतं, डोळे अजून उजेडात होते. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. या वेळी कडी फिरली नाही. बोट जिभेवर नुसतं टेकलेलं होतं. ते फक्त श्वास घेऊन थांबले, आणि टिचकी वाजली.

पडदा आईनेच बघितला. ठकूने मागे होऊन तिला बघू दिलं.

"डोळे?" बाबांनी विचारलं.

"लागलेत."

"दोन्ही?"

"दोन्ही. डावा जरा जास्त."

"डावा खिडकीकडचा. बरोबर." "आणि?"

"आणि काय. म्हातारी झालेय."

"ते मला माहीत आहे."

"कसं माहीत? मी तर धुरात असते ना?"

"सरळ तुझ्याकडे बघितलं की धुरात जातेस," बाबा म्हणाले. "दुसरीकडे बघितलं, की कडेने येतेस. चांगली दिसतेस. पण तुझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायचं म्हणजे, तुला वाटलं असतं…"

"काही वाटत नाही मला," आई म्हणाली. "बघा दुसरीकडे. बघा."

बाबांनी मान खिडकीकडे वळवली. ऊन आता भिंतीवरून खाली चाललं होतं, आणि खाली रस्त्यावरून माणसं आपापल्या कामाला जात होती. त्यांतल्या कुणी वर पाहिलं असतं तर म्हटलं असतं, सकाळी सकाळीच या म्हातारा-म्हातारीचं भांडण झालेलं दिसतंय, बघ कसं तोंड फिरवून उभा आहे. बाबा किती तरी वेळ तसेच उभे होते, तिला बघत.